कीबोर्डच्या हातून हरवलेले ‘नाही’

माझ्या अंगावर एकशे चार कळा आहेत. त्यांतल्या तीन माझ्या जन्माच्या नाहीत, दुसऱ्या कुणाच्या अंगावरून काढून मला बसवलेल्या आहेत. मित्रांनो, मी पुण्यातला एक म्हातारा कीबोर्ड. रंगाने काळा, वजनाने जड आणि आवाजाने थोडा भांडखोर. माझ्यावर कुणी लिहू लागले की शेजारच्या खोलीत कळते. या आवाजाबद्दल मी बोलणी खाल्ली आहेत. पण मला मिळालेली माणसे इतकी चांगली होती की त्या बोलण्यांचे आज काही वाटत नाही.

कारखान्यातले दिवस मला आठवत नाहीत. माझी पहिली आठवण बुधवार पेठेतल्या एका दुकानाच्या फळीची आहे. तिथून एका सॉफ्टवेअर कंपनीने माझ्यासारखे बरेच कीबोर्ड एकदम नेले, आणि मी नम्रताच्या टेबलावर आलो.

नम्रता तेव्हा नुकतीच कामाला लागली होती. ती माऊसला क्वचितच हात लावायची. तिचे सगळे काम एका जुन्या पद्धतीच्या एडिटरमध्ये चाले. एडिटर म्हणजे संगणकावर मजकूर लिहिण्या-सुधारण्याची जागा. हा एडिटर नुसत्या कळांवर चालतो. त्याची एक गंमत आहे, ती आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच घडले.

या एडिटरच्या दोन अवस्था असतात. एक लिहिण्याची आणि एक हुकमाची. लिहिण्याच्या अवस्थेत माझी कळ दाबली की अक्षर उमटते. हुकमाच्या अवस्थेत तीच कळ दाबली की अक्षर उमटत नाही, काम होते. एका कळेने ओळ पुसली जाते, दुसरीने दोन ओळी जोडल्या जातात, तिसरीने पान उलटते. मी तोच, बोट तेच, पण अर्थ वेगळा. आणि आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे एडिटर पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत सांगतो. तिकडे किती जण बघतात, ते मला विचारू नका.

नम्रता बघायची. तिची बोटे माझ्यावर पाण्यासारखी चालत. “या कीबोर्डवर विचार करावा लागत नाही,” असे ती शेजारच्या मुलीला म्हणाली होती. माझी झालेली ती पहिली स्तुती.

सात वर्षांनी कंपनीने सगळ्यांना लॅपटॉप दिले आणि आम्हाला एका खोक्यात भरले. बाकीचे भंगारात गेले. मला नम्रताने मागून घेतले आणि वारज्याला घरी आणले. पण घरी लॅपटॉप होताच. मग मी मिक्सरच्या रिकाम्या खोक्यावर, पिशवीत गुंडाळून, कपाटाच्या वर जाऊन बसलो. दोन वर्षे कुणी मला हात लावला नाही. माझ्या कंट्रोलच्या कळेखाली एका झुरळाने संसार थाटला. मी रागावलो नाही, पण खरे सांगतो, वाईट वाटले.

एका रविवारी सकाळी पिशवी खाली आली. नम्रताने मला उलटे करून झटकले. समोर एक तरुण उभा होता, आणि त्याने उजवा हात पँटच्या खिशात ठेवला होता.

त्याचे नाव धम्मदीप. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून तो पुण्याला कारखान्यात कामाला आला होता. पत्रा कापणाऱ्या मशीनखाली त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटे गेली. अंगठा आणि करंगळी उरली. तो आता नम्रताच्या इमारतीत तळमजल्यावर, आईबरोबर राहत होता. आई पंचफुलाबाई पोराला सांभाळायला गावाहून आली होती.

“ताई, कम्प्युटरचा क्लास लावला होता मी,” तो म्हणाला. “माऊस धरता येत नाही. डाव्या हातानं धरला तर टाईप करायला हातच उरत नाही. सर म्हणाले, तुम्ही दुसरं काहीतरी बघा.”

“माऊस लागतच नाही असं काम करू आपण,” नम्रता म्हणाली. “हात बाहेर काढ आधी. माझ्यापुढे कसला लपवतोस?”

त्याने हात काढला आणि माझ्यावर ठेवला. अंगठा मोठ्या लांब कळेवर बसला, करंगळी एंटरवर पोहोचली. डाव्या हाताची पाच बोटे बाकीच्यांवर पसरली. मित्रांनो, इतक्या जपून मला कुणी कधी शिवले नव्हते.

माझ्या तीन कळा तोवर निकामी झाल्या होत्या. नम्रताने मला परत बुधवार पेठेत नेले, पोपटराव नावाच्या दुरुस्तीवाल्याकडे. त्यांनी मला चष्म्यावरून पाहिले.

“नवा का घेत नाही?”

“हा चांगला आहे.”

“चांगला आहे तर मग इथे कशाला आणलात?” असे म्हणत त्यांनी माझी एकेक कळ उपटली, ब्रशने आतला कचरा काढला, आणि एका मेलेल्या कीबोर्डच्या तीन कळा मला बसवल्या. जाताना म्हणाले, “याच्यावर बसून बिस्किटं खाऊ नका. मला कळतं कोण कुठलं बिस्कीट खातं ते.” पोपटरावांचे बोलणे तिखट होते, पण त्यांच्या हाताने मला दुसरा जन्म दिला.

नम्रताने धम्मदीपच्या खोलीत एक जुना संगणक बसवून दिला आणि मला त्याला जोडले. इंग्रजी अक्षरे दाबून मराठी उमटावे अशी सोय तिने करून दिली, तीही फक्त लिहिण्याच्या अवस्थेत. मग रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ती अर्धा तास त्याला शिकवू लागली. चार महिन्यांत तो माझ्यावर सफाईने चालू लागला. आणि त्याला काम मिळाले.

कर्वेनगरच्या बाजूला अंध मुलांसाठी बोटांनी वाचायच्या उठावदार टिंबांची, म्हणजे ब्रेल पुस्तके छापणारा एक लहानसा छापखाना होता. शाळेची पुस्तके तिथे यंत्राने वाचून संगणकात घेतली जात. यंत्र चुका करते, ‘पाणी’चे ‘पाणा’ करते. त्या चुका सुधारून स्वच्छ मजकूर द्यायचा, हे धम्मदीपचे काम, आणि ते तो बहुतेक घरूनच करी. त्यावरून ब्रेलची पाने निघत, आणि ती पाने मंदाकिनीताई तपासत. मंदाकिनीताईंना जन्मापासून दिसत नाही. पंचवीस वर्षे त्या बोटांनी पुस्तके तपासत आल्या होत्या, आणि त्यांच्या बोटाखालून चूक सुटत नाही अशी त्यांची ख्याती होती.

पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. धम्मदीप फोन नेहमी स्पीकरवर टेबलावर ठेवायचा, म्हणून मलाही सगळे ऐकू येई.

“धम्मदीप, तुमच्या धड्याचं नाव काय आहे?”

“‘झाडे आपले मित्र’, ताई.”

“हो, पण ते बारा वेळा आहे. झाडांची मैत्री फारच घट्ट दिसते.”

धम्मदीप घाबरून पडद्यावर शोधू लागला. खरेच, बारा वेळा होते. झाले असे होते की त्याला धड्याचा क्रमांक बारा लिहायचा होता. पण तो हुकमाच्या अवस्थेत होता. एडिटरने समजून घेतले की पुढचे काम बारा वेळा करायचे आहे. मग त्याने लिहिण्याची कळ दाबली, धड्याचे नाव लिहिले, बाहेर पडला, आणि एडिटरने आज्ञाधारकपणे ते नाव बारा वेळा उमटवले. तोवर धम्मदीपची नजर पुढच्या पानावर गेली होती.

त्या दिवशी सगळेच हसले. पंचफुलाबाई तर दोन दिवस त्याला म्हणत होत्या, “बारा डाव जेवतं का रे?” मीही हसलो असतो, मला तोंड असते तर. पण मला माहीत होते की प्रत्येक चूक अशी बारा वेळा ओरडून सांगत नाही.

अशी न ओरडणारी चूक मेच्या शेवटी झाली. सहावीच्या विज्ञानाचे पुस्तक चालले होते, आणि शाळा सुरू होण्याआधी ते मुलांच्या हाती जायचे होते. विजेच्या धड्यात एक वाक्य होते, ‘ओल्या हाताने बटण दाबणे सुरक्षित नाही.’ धम्मदीपने ते तपासले. खालच्या ओळीत यंत्राने ‘तारेद्वारे’ हा शब्द अर्धवट वाचला होता, तो त्याला दुरुस्त करायचा होता. तेवढ्यात पंचफुलाबाई चहा घेऊन आल्या. धम्मदीपने मान वळवून कप घेतला, एक घोट प्यायला, आणि परत वळून ‘द्वारे’ लिहिले.

पण तो खालच्या ओळीत गेलाच नव्हता. तो अजून वरच, ‘नाही’ या शब्दावर उभा होता, आणि तोही हुकमाच्या अवस्थेत. ‘द्वारे’साठी त्याने माझ्या डी, डब्ल्यू, ए, आर, ई या कळा ओळीने दाबल्या. डी आणि डब्ल्यू मिळून हुकूम झाला, ‘हा शब्द पूस.’ ‘नाही’ गेले. ए म्हणजे ‘आता लिहायला घे.’ आणि उरलेल्या दोन कळांचा नुसता ‘रे’ उमटला.

धम्मदीपला तो उपरा ‘रे’ दिसला. “हा कुठून आला?” म्हणत त्याने तो पुसला, खालच्या ओळीत गेला, ‘तारेद्वारे’ नीट केले आणि पुढे निघाला. वर वाक्य उरले, ‘ओल्या हाताने बटण दाबणे सुरक्षित .’

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडता आले असते तर! माझ्याच कळांनी ते घडले होते. चूक माझी नव्हती आणि धम्मदीपने मुद्दामही केली नव्हती. पण मुलांच्या पुस्तकात एक भयंकर वाक्य जाऊन बसले होते, आणि हे जगात फक्त मला माहीत होते.

फाईल छापखान्यात गेली. मी दोन दिवस टेबलावर पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, फोन वाजला.

“धम्मदीप, विजेच्या धड्यात एक पूर्णविराम एकटाच उभा आहे,” मंदाकिनीताई म्हणाल्या. “त्याच्या आधी रिकामी जागा आहे. पूर्णविराम शब्दाला चिकटून असतो. हा असा लांब का?”

धम्मदीपने वाक्य वाचले. एकदा, दोनदा. “ताई,” तो म्हणाला, “इथे ‘नाही’ होतं.”

ताई सावकाश बोलल्या. “डोळस मुलगा शेजारचं चित्र बघतो आणि चूक ओळखतो. आमच्या मुलांना चित्र नसतं. छापलेलं तेवढं खरं. ही चूक मला बोटाला लागली कारण एक जागा रिकामी राहिली. ती जागा भरली असती तर मलाही कळली नसती. आता मला सांगा, असं आणखी किती ठिकाणी झालं असेल?”

धम्मदीपला “कुठेच नाही” म्हणणे सोपे होते. त्याने उजव्या हाताची करंगळी माझ्या कडेवर घट्ट दाबून धरली होती.

“माहीत नाही, ताई,” तो म्हणाला. “माझ्या हातानं हे काम होईल असं मला वाटत नाही आता. तुम्ही दुसरं कुणी बघा.”

“हाताचं नाव घेऊ नका. हातानं काही केलेलं नाही, न बघता दाबलंत तुम्ही. दहा बोटांची माणसंही तेच करतात. आणि ‘माहीत नाही’ हे उत्तर मला आवडलं. ‘कुठेच नाही’ म्हणाला असतात तर काम काढून घेतलं असतं. सोमवारी सकाळी छपाई सुरू होते. तोवर सगळं पुस्तक पुन्हा तपासा.”

त्या संध्याकाळी नम्रता धावत आली. तिने यंत्राने वाचलेला मूळ मजकूर आणि धम्मदीपने सुधारलेला मजकूर पडद्यावर शेजारी शेजारी लावून दिला. जिथे दोन्हींत फरक, तिथे रंग. फरक शेकडो होते, कारण त्याने शेकडो चुका सुधारल्या होत्या. प्रत्येक रंगावर थांबून बघायचे होते की इथे चूक गेली की बरोबर गेले. शुक्रवारभर तो बसला. एका ठिकाणी एक पूर्ण ओळ नाहीशी झालेली सापडली, एका ठिकाणी अर्धे वाक्य. सापडले की तो मोठ्याने “सापडलं!” म्हणे आणि पंचफुलाबाई स्वयंपाकघरातून “बरं झालं बाप्पा!” म्हणत.

शनिवारी दुपारी शेवटचे चार धडे उरले होते. सकाळपासून त्याने खूप सुधारणा केल्या होत्या, आणि एकदाही काम जपून, म्हणजे सेव्ह करून, ठेवले नव्हते. ते आठवून त्याने घाईने कंट्रोल आणि एस दाबले. अधूनमधून तो छापखान्यातल्या संगणकावर बसे. तिथे तसे दाबले की काम जपले जाते, तीच सवय हाताला लागली होती.

इथे मात्र पडदा गोठला.

त्याने एंटर दाबले. काही हलले नाही. मग एस्केप, मग बाण, मग जी सापडेल ती कळ. माझ्यावर गारपीट झाल्यासारखी बोटे पडू लागली. मी प्रत्येक कळ इमानाने पुढे पाठवत होतो, पण पडद्यावर चिन्ह नव्हते.

“गेलं!” तो उठला. “सगळं गेलं, माय!” त्याचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा, एवढेच त्याला सुचत होते.

“थांब!” पंचफुलाबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. “काहाले बंद करतं? त्या पोरीले आधी विचार ना. गरम तव्यावर पाणी नको टाकू.”

“ताई मीटिंगमध्ये असतील.”

“असू दे. फोन लाव.”

नम्रताने तिसऱ्या वेळी फोन उचलला. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “कशालाही हात लावू नकोस. काही गेलं नाहीये. कंट्रोल-एस दाबलं की हा पडदा नुसता थांबतो, आतलं काम तसंच असतं. आता कंट्रोल आणि क्यू दाब. पण आधी सांग, मधे किती बटणं दाबलीस?”

“लय दाबली, ताई.”

“मग ती सगळी आता एकदम धावत येतील. बघून घाबरू नकोस.”

त्याने कंट्रोल आणि क्यू दाबले, आणि धरण फुटल्यासारखे झाले. अडकून बसलेल्या साऱ्या कळा हुकूम होऊन धावल्या. ओळी जोडल्या गेल्या, एक परिच्छेद नाहीसा झाला, दुसराच कुठला शब्द मध्ये येऊन बसला.

“आता एस्केप,” नम्रता शांतपणे म्हणाली. “आणि लहान यू. एकदाच. काय झालं?”

“एक चूक मागं गेली.”

“पुन्हा. सावकाश. प्रत्येक वेळी बघ.”

तो दाबत गेला. एक एक करून सगळे उलटे फिरले. परिच्छेद परत आला, ओळी सुट्या झाल्या, उपरा शब्द निघून गेला. अकराव्या वेळी सकाळचे काम जसेच्या तसे पडद्यावर उभे राहिले. मग त्याने एडिटरच्या रीतीने ते जपून ठेवले आणि खुर्चीतच डोळे मिटून बसला. पंचफुलाबाईंनी पदराने माझ्यावरचा घाम पुसला. तो त्याचाच होता, त्याच्या कपाळावरून माझ्यावर टपकलेला.

रविवारी उरलेले धडे झाले. पडदा पुन्हा असा गोठू नये म्हणून नम्रताने संगणकात एक बदल केला, आणि लिहिण्याची अवस्था असली की पडद्याच्या तळाची पट्टी ठळक हिरवी दिसेल अशी सोय केली. सोमवारी सकाळी छपाई सुरू झाली. मंदाकिनीताईंनी विजेचा धडा स्वतः पुन्हा वाचला आणि फोनवर एवढेच म्हणाल्या, “पूर्णविराम आता शब्दाजवळ आहे.” धम्मदीपने ते वाक्य नंतर आईला तीनदा सांगितले.

या गोष्टीला आता दोन वर्षे होतील. धम्मदीप छापखान्यातच कायमचा लागला आहे. रोज सकाळी तो मला पाठीवरच्या पिशवीत घालून नेतो, कारण माझ्याशिवाय त्याची करंगळी वाट चुकते. तो आता प्रत्येक धडा पाठवण्याआधी मूळ मजकुराशी ताडून बघतो. उजवा हातही खिशात ठेवत नाही.

गेल्या महिन्यात मंदाकिनीताई त्याच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. “सत्तावीस वर्षं मी चुका शोधते आणि दुरुस्त दुसरेच करतात,” त्या म्हणाल्या. “माऊस मला काय उपयोगाचा? तो बाण कुठे आहे हे बघायला डोळे लागतात. पण तुमचा हा एडिटर बटणांवर चालतो म्हणता. मला शिकवा.”

“तुम्हाला, ताई? मी?”

“का, तुमची फी जास्त आहे का?”

धम्मदीपने खुर्ची पुढे सरकवली. संगणक पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवेल अशी व्यवस्था नम्रताने करून दिली होती. मंदाकिनीताईंनी माझ्यावर दोन्ही हात ठेवले आणि हळूहळू फिरवू लागल्या. एफच्या कळेवर त्यांचे बोट थांबले. मग जेच्या कळेवर. आमच्या त्या दोन कळांवर एकेक बारीक उंचवटा असतो, बोटांना न बघता आपली जागा सापडावी म्हणून.

“अरे,” त्या हसून म्हणाल्या, “याला तर ब्रेल आहे!”

मग त्यांनी लगेच कामाचा प्रश्न विचारला. “मी आत्ता लिहितेय की हुकूम देतेय, हे मला कसं कळणार? तुमची हिरवी पट्टी मला दिसायची नाही.”

“शंका आली की एस्केप दाबायचं, ताई. कितीही वेळा दाबलं तरी काही बिघडत नाही. मग तुम्ही नक्की हुकमात असता. तिथून पुढं जायचं.”

ताईंनी एस्केप दाबले. थांबल्या. संगणकाने वाचून दाखवलेल्या ओळीत ‘पाणा’ असे ऐकू आले. त्या अक्षरापर्यंत सावकाश गेल्या, काना पुसला, वेलांटी दिली. संगणकाने पुन्हा वाचले, ‘पाणी.’ ताईंनी ते आणखी एकदा वाचून घेतले.

मित्रांनो, मला या माणसांचे किती आभार मानावेत? मला भंगारातून काढणारी नम्रता, मेलेल्याच्या कळा मला देणारे पोपटराव, पोराचा हात वेळेवर अडवणाऱ्या पंचफुलाबाई, चूक लपवायला नकार देणारा धम्मदीप. मी नुसता कळा पोहोचवणारा. त्या कळांचा अर्थ नेहमी माणसांनी सांभाळला.

म्हणून तुमच्याकडे एवढेच मागतो. दाबण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते बघा. अडलात तर घाबरून दहा कळा दाबू नका, एकदा कुणाला तरी विचारा. झालेले काम ताडून बघायचा कंटाळा करू नका. आणि आम्हाला अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा. पुसताना एफ आणि जेवरचे ते दोन उंचवटे मात्र घासून सपाट करू नका. त्यांच्या आधाराने कुणीतरी आपली जागा शोधत असते.